ताप जातो आणि परत येतो: हृदयाच्या झडपांना लागण तर नाही ना?



एरवी आपण इथे होडीचे परवाने, अनुदानाचे अर्ज, नाहीतर मासळीचा भाव यांवर लिहितो. आज जरा वेगळं लिहितोय. लांबलंय, पण चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. घरातल्या बायकांनाही वाचून दाखवा, कारण आपला पुरुष माणूस ताप अंगावर काढतो आणि तो ताप लक्षात राहतो तो घरातल्या बाईच्या.

आपल्यातल्याच एका सभासदाची हकिगत आहे. सांगायला त्याची परवानगी आहे, फक्त नाव नको म्हणाला. वय चाळीसच्या आत. लहानपणी एकदा गुडघे-घोटे सुजून ताप आला होता, तेव्हा डॉक्टरनी दर एकवीस दिवसांचं इंजेक्शन लावलं होतं. चारपाच वर्षं घेतलं, मग बरं वाटतंय म्हणून सोडलं. पुढे पंचवीस वर्षं नदीवर पागेर मारला, कधी दम लागला नाही. गेल्या चवथीआधी दुखरी दाढ काढली. साधारण तीन आठवड्यांनी संध्याकाळचा बारीक ताप सुरू झाला.

फार्मसीतून गोळ्या आणल्या. पाच दिवसांत ताप उतरला. गोळ्या संपल्या, चार दिवसांनी ताप परत. मग दवाखाना. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइडची टेस्ट ‘थोडी पॉझिटिव्ह’. पुन्हा गोळ्या, पुन्हा ताप उतरला, पुन्हा आला. तोवर दीड महिना झाला होता. रात्री घामाने उशी भिजायची, जेवण जात नव्हतं, पँटला दोरी बांधायची वेळ आली. शेजारी म्हणाले टीबी असेल. कोणी म्हणालं नजर लागली. एके दिवशी पहाटे होडीत बसताना डाव्या हातातला दोर आपोआप सुटला. धरता येईना, आणि बोलणंही जड झालं. सोबतच्या मुलाने १०८ लावला म्हणून तो आज आपल्यात आहे.

बांबोळीला गोमेकॉत निदान झालं: हृदयाच्या झडपेवर जंतूंची लागण. डॉक्टर याला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात. तो ताप सुरुवातीपासून त्याचाच होता. झडपेवर साचलेल्या गाठीचा एक कण सुटून मेंदूत गेला आणि हात गेला.

आता हे नेमकं काय असतं ते बघू.

आपलं हृदय म्हणजे चार खोल्यांचा पंप. रक्त पुढेच जावं, मागे येऊ नये म्हणून त्यात चार झडपा. मानशीचं दार कसं ओहोटीला उघडतं आणि भरतीला मिटतं, तसंच. या झडपा आणि हृदयाचं आतलं अस्तर एकदम गुळगुळीत असतं. गुळगुळीत असेपर्यंत तिथे काही चिकटत नाही. होडीचा तळ बघा. नवा रंग मारलेल्या फळीला शेवाळ लवकर धरत नाही, पण जिथे रंग उडून लाकूड खरबरीत झालंय, तिथे आधी शेवाळ, मग शिंपल्या. झडपेचंही तसंच. जुन्या संधिवाताच्या तापाने ती जाड, खडबडीत झाली असेल, जन्मतः वेगळ्या घडणीची असेल, किंवा बदलून कृत्रिम बसवली असेल, तर तिच्यावर रक्ताच्या बारीक गुठळ्या धरतात. रक्तातून जाणारे जंतू त्यात अडकतात, तिथेच वाढतात आणि वर आणखी गुठळी चढते. तयार होतो लोंबता कोंब. झडपेला स्वतःचा रक्तपुरवठा फारच थोडा, त्यामुळे शरीराची फौज तिथे नीट पोचत नाही. औषधसुद्धा मोठ्या मात्रेत आणि पुष्कळ दिवस द्यावं लागतं, नाहीतर कोंबाच्या पोटात दडलेले जंतू मरत नाहीत.

पाच दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरून परत का येतो, याचं उत्तर इथे आहे. वरवरचे जंतू मरतात, आतले शिल्लक राहतात.

हे जंतू रक्तात येतात कुठून? सगळ्यात नेहमीची वाट तोंडाची. हिरड्या सुजलेल्या, दात किडलेले असले की दाढ काढताना तर येतातच, पण साधं चावताना, दात घासतानासुद्धा थोडे थोडे रक्तात जातात. निरोगी झडपेला त्याचं काही नाही. खराब झडपेला आहे. दुसरी वाट कातडीची: गळू, चिघळलेली जखम, दवाखान्यातली सुई किंवा सलाईनची नळी. कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू आला तर तो चांगल्या झडपेवरही बसू शकतो, आणि मग महिने लागत नाहीत, थोड्या दिवसांतच झडप फाडतो. तिथे थंडी वाजून जोराचा ताप येतो आणि माणूस झपाट्याने ढासळतो. वरच्या हकिगतीतला प्रकार सावकाश चालणारा होता. फसवतो तो जास्त करून सावकाश चालणाराच.

परदेशात आता हा आजार जास्त करून म्हाताऱ्या माणसांचा झालाय. आपल्याकडे अजूनही तरुणांना होतो, कारण संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा आपल्या गावांत आहेत. लहानपणी घसा दुखतो, त्याकडे दुर्लक्ष होतं, मग सांधे सुजतात. सांध्यांचं दुखणं जातं, झडपेवरचा व्रण राहतो. तुमच्या घरी कोणाला ते एकवीस दिवसांचं पेनिसिलिन चालू असेल तर डॉक्टरना विचारल्याशिवाय बंद करू नका. ते झडपेवरच्या लागणीचं औषध नव्हे, हे खरं. पण संधिवाताचा ताप परत येऊ नये आणि झडप आणखी बिघडू नये म्हणून ते असतं.

आता खास आपल्या धंद्याची गोष्ट, जी मलाही हे लिहायला घेईपर्यंत धड माहीत नव्हती.

शेंगाळ्याचा काटा, कुर्लीचा आंकडा, कालवाची धार यांनी बोट कापलं नाही असा एकही माणूस आपल्या सोसायटीत सापडणार नाही. मासळी, कोळंबी, डुक्कर, कोंबडी यांच्या अंगावर एरिसिपेलोथ्रिक्स नावाचा एक जंतू असतो. जखमेतून शिरला की दोन दिवस ते आठवडा एवढ्या काळात बोट जांभळट लाल होऊन सुजतं, कडा ठळक दिसतात, आग होते, खाज येते. गंमत म्हणजे पू होत नाही. सूज दिसते त्या मानाने दुखतं फारच जास्त. रोझेनबाख नावाच्या जर्मन डॉक्टरने १९०९ मध्ये याची ओळख पटवली. इंग्रजीत तर याला मासळी हाताळणाऱ्यांचा रोग असंच नाव पडलंय. बहुतेकांचं बोट तीन-चार आठवड्यांत आपोआप बरं होतं, पेनिसिलिनने लवकर होतं.

पण क्वचित हाच जंतू रक्तात जातो आणि गेला की त्याचा ओढा हृदयाच्या झडपेकडे असतो. बहुतेक वेळा महाधमनीच्या झडपेवर बसतो आणि तिचं वाटोळं करतो. आणखी एक पेच आहे. झडपेच्या लागणीचा संशय आला की रिपोर्ट यायच्या आधी बऱ्याचदा व्हॅन्कोमायसिन हे औषध सुरू करतात. नेमकं त्याच औषधाला हा जंतू दाद देत नाही. साध्या पेनिसिलिनने मात्र मरतो. म्हणून डॉक्टरसमोर बसलात की स्वतःहून सांगा: ‘मी मासळीचा धंदा करतो, अमुक दिवसांपूर्वी काटा लागून बोट असं सुजलं होतं.’ डॉक्टरने विचारलं नाही म्हणून गप्प राहू नका. हे एक वाक्य औषधाची निवड बदलू शकतं.

हा प्रकार दुर्मिळ आहे, उगाच घाबरायला नको. काटा लागला म्हणजे हृदय गेलं असं कोणी समजू नका. जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवायची, आत काट्याचा तुकडा राहिला असेल तर काढून घ्यायचा, धनुर्वाताचं इंजेक्शन चालू आहे का बघायचं. नदीच्या पाण्यात बोट बुडवून ‘धुतलं’ म्हणायची आपली सवय मात्र सोडायला हवी. मासे निवडणाऱ्या बायकांनी जाड हातमोजे वापरले तर उत्तमच. सुरुवातीला अडचण वाटते, आठवड्याने सवय होते.

आता ओळखायचं कसं. खरी गोची इथेच आहे. इब्रामपूर, हणखणे, हसापूर, पलीकडे दोडामार्ग, या आपल्या पट्ट्यात तापांना तोटा नाही. पावसात डेंग्यू, मलेरिया, शेतातल्या पाण्यातून लेप्टो. २०१६ पासून दोडामार्ग तालुक्यात माकडताप. त्यामुळे ताप म्हटला की डॉक्टरचं आणि आपलंही लक्ष आधी तिकडेच जाणार, आणि ते बरोबरच आहे. पण यांतले बहुतेक ताप थोड्या आठवड्यांत एकीकडे नाहीतर दुसरीकडे लागतात: माणूस बरा होतो किंवा जास्त आजारी होतो. महिना-महिना मुरणारा, अँटिबायोटिकने झाकला जाणारा आणि गोळ्या संपल्या की उठणारा ताप वेगळा. अशा तापात टीबीचा विचार डॉक्टर करतातच. सोबत झडपेचाही करायला हवा, खास करून ज्याच्या झडपेत आधीच दोष आहे त्याच्या बाबतीत.

तापाबरोबर काय काय दिसतं? रात्रीचा घाम, भूक मरणं, वजन उतरणं, कंबर आणि सांधे दुखणं. झडप गळायला लागली की चढावर दम लागतो, रात्री उशा वाढवाव्या लागतात, पाय सुजतात. लघवी कधी लालसर होते. नखाखाली लाकडाची बारीक सळ गेल्यासारख्या तांबड्या-काळ्या रेघा दिसतात (आपल्या हातांना मार लागूनही त्या येतात, म्हणून एकट्या रेघेवर जाऊ नका). डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आत लाल ठिपके. बोटांच्या पेरांवर वाटाण्याएवढ्या दुखऱ्या गाठी, तळहातावर-तळपायावर न दुखणारे लाल डाग. हे सगळं प्रत्येकात दिसत नाही. पुष्कळांत ताप आणि अशक्तपणा यापलीकडे काहीच नसतं. विल्यम ऑस्लर या मोठ्या डॉक्टरने १८८५ मध्ये लंडनला या आजारावर व्याख्यानं दिली, तेव्हाही त्याचा सूर हाच होता की हा आजार दुसऱ्या आजारांचं सोंग घेतो. पेरांवरच्या गाठींना आजही त्याचंच नाव आहे.

अचानक तोंड वाकडं होणं, हातपाय गळणं, बोलणं अडखळणं, दिसेनासं होणं, एखादं बोट निळं-काळं पडणं, असं काही झालं तर घरी थांबायचं नाही. १०८ लावायचा आणि आधी ताप होता हे सांगायचं. हे सांगणं फार महत्त्वाचं. साध्या अर्धांगात गुठळी विरघळवायचं जे इंजेक्शन देतात, ते या आजारात धोक्याचं ठरतं, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

तपासणीत दोन गोष्टी मुख्य. पहिली रक्ताचं कल्चर. रक्त बाटलीत ठेवून जंतू वाढतो का, कुठला वाढतो, कुठल्या औषधाने मरतो, हे बघतात. एकदा नाही, वेगवेगळ्या जागांतून निदान तीनदा रक्त घेतात. ‘इतकं रक्त कशाला काढता’ म्हणून भांडू नका. आणि हे रक्त अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी घेतलेलं असलं पाहिजे. आपल्या सभासदाचं घोडं इथेच पेंड खाल्लं. तीन वेळा फार्मसीच्या आणि दवाखान्याच्या गोळ्या पोटात गेलेल्या, त्यामुळे पहिल्या कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही. जंतू कुठला ते कळायला आणखी दिवस गेले, आणि शेवटी तोंडातला स्ट्रेप्टोकॉकस सापडला. फार्मसीवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही, गोळी आपणच मागतो. पण ज्याच्या झडपेत दोष आहे त्याने तापावर अँटिबायोटिकची एकही गोळी मनाने घेऊ नये. ताप उतरवायला पॅरासिटामॉल चालेल, त्याने कल्चर बिघडत नाही.

दुसरी तपासणी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीवरून करतात, दुखत नाही. झडपेवरचा कोंब, झडपेची गळती, सगळं दिसू शकतं. छातीवरून नीट दिसलं नाही किंवा झडप कृत्रिम असली, तर अन्ननलिकेतून नळी घालून बघतात, कारण अन्ननलिका हृदयाला मागून चिकटूनच जाते. थोडं त्रासाचं आहे, पण चित्र फार स्पष्ट येतं. पहिला इको साफ आला तरी संशय दाट असेल तर आठवड्याभरात परत करतात. ‘एकदा नॉर्मल आला ना’ म्हणून टाळू नका.

उपचाराचं म्हणाल तर पेनिसिलिन यायच्या आधी, म्हणजे १९४० च्या दशकापूर्वी, हा आजार झालेला माणूस जवळपास जायचाच. आजही दवाखान्यात पोचलेल्यांपैकी साधारण पाचातला एक दगावतो, म्हणजे हलक्यात घ्यायचं दुखणं नव्हे. पण बाकीचे वाचतात, आणि वेळेत आलेले जास्त वाचतात.

औषध शिरेतून द्यावं लागतं, चार ते सहा आठवडे. कृत्रिम झडप असेल तर सहा किंवा त्याहून जास्त. कुठलं औषध ते जंतूवर ठरतं: पेनिसिलिन, सेफ्ट्रिअॅक्सोन, क्लॉक्सासिलिन, जोडीला कधी जेंटामायसिन. ताप बहुतेकांचा पहिल्या आठवड्यात उतरतो आणि खरा धोका तिथेच सुरू होतो. माणसाला बरं वाटतं, घरी हंगाम चालू असतो, होडी रिकामी उभी असते, मग ‘लिहून द्या डॉक्टर, आम्ही घरी नेतो’ सुरू होतं. सहा आठवडे हाताला काम नाही हे हातावर पोट असलेल्याला किती जड जातं ते मला सांगायला नको. पण अर्धवट सोडलं तर दडलेले जंतू उठतात, दुसऱ्यांदा जास्त जोराने. डेन्मार्कमध्ये ४०० रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये छापून आला. त्यात निदान दहा दिवस शिरेतून औषध दिल्यावर, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना गोळ्यांवर आणलं तरी निकाल वाईट आला नाही. त्यामुळे काही रुग्णांना गोळ्यांवर घरी सोडता येतं. पण ते निवडलेले रुग्ण होते आणि त्यांच्यावर लक्ष होतं. हा निर्णय डॉक्टरचा, आपला नव्हे.

काहींना ऑपरेशन लागतं. झडप फाटून हृदय थकायला लागलं, औषध देऊनही लागण आटोक्यात येईना, झडपेच्या मुळाशी पू झाला, किंवा कोंब एक सेंटिमीटरहून मोठा आणि कण सुटताहेत, तर थांबून चालत नाही. झडप दुरुस्त करतात नाहीतर बदलतात. आपल्या देशात बनलेली झडपही आहे: तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने तयार झालेली, पहिल्यांदा डिसेंबर १९९० मध्ये माणसाला बसवली. परदेशी झडपेपेक्षा स्वस्त पडते.

पैशाचं एक सांगून ठेवतो. गोव्याच्या रहिवाशांनी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड नूतनीकरण करून घरात हाताशी ठेवावं, आजार झाल्यावर शोधाशोध नको. आपली अर्धी सोयरीक दोडामार्ग-सावंतवाडीकडची. त्या बाजूच्या पाहुण्यांना बांबोळीत २०१८ पासून शुल्क लागू झालं, तेव्हा त्यांनी आपल्या राज्याच्या योजनेचे कागद आणि रेशनकार्ड सोबत आणावं.

प्रतिबंधाबद्दल एक गैरसमज आहे. दाढ काढायच्या आधी सगळ्याच हृदयरोग्यांना अँटिबायोटिक लागत नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये ही यादी खूप आखडली: कृत्रिम झडप, पूर्वी एकदा ही लागण होऊन गेलेली, आणि काही ठरावीक जन्मजात दोष. या लोकांना दातांच्या रक्त येणाऱ्या कामाआधी अर्धा ते एक तास अॅमॉक्सिसिलिन दोन ग्रॅम, एकच डोस. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर दुसरं. संधिवाताने खराब झालेली झडप त्या यादीत नाही, पण काही देशांत अशांनाही देतात, म्हणून आपल्या हृदयाच्या डॉक्टरना विचारून एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद दातांच्या डॉक्टरला दाखवा. त्या एका डोसपेक्षा मोठं काम रोजच्या ब्रशचं आहे. मशेरीने दात घट्ट होतात हे आपल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं मी खूप ऐकलंय. हिरड्यांतून रक्त येणाऱ्यांत मशेरीवाले किती, ते मात्र तुम्हीच आजूबाजूला बघा.

आपला सभासद सहा आठवडे बांबोळीत राहिला. पुढे झडप बदलली. डावा हात बराचसा परत आला, पण मूठ अजून पूर्वीसारखी घट्ट नाही, त्यामुळे पागेर मारत नाही, जाळी विणायला आणि हिशेबाला बसतो. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, दर महिन्याला त्याची रक्ततपासणी, आणि खिशातल्या पाकिटात प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद: झडप कधी बदलली, कुठली गोळी चालू आहे, ताप आला तर अँटिबायोटिकआधी कल्चर घ्या. गेल्या महिन्यात दुसरी दाढ काढायला गेला तेव्हा दातांच्या डॉक्टरने औषध विचारायच्या आधी यानेच कागद पुढे केला.

त्या कागदाचा नमुना सोसायटीच्या ऑफिसात ठेवलाय. ज्यांच्या घरी झडपेचा रुग्ण आहे, ज्यांना लहानपणी एकवीस दिवसांचं इंजेक्शन होतं, त्यांनी येऊन घेऊन जावा. भरायला मदत लागली तर संध्याकाळी पाचनंतर कोणीतरी असतं.